त्रिशतक लागलं, संघ बाहेर गेला: शालेय क्रिकेटच्या प्रशिक्षकांना खुलं पत्र

प्रति,
आपल्या जिल्ह्यातील शालेय संघांचे सर्व प्रशिक्षक, स्पर्धेचे आयोजक आणि निवड समितीचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या १४ वर्षांखालील स्पर्धेच्या बक्षीस समारंभात ‘उत्कृष्ट प्रशिक्षक’ म्हणून ज्या सरांना शाल-श्रीफळ मिळालं, त्यांचा संघ उपांत्यपूर्व फेरीतच बाहेर पडला होता. सत्कार कशाबद्दल? तर त्या सामन्यात त्यांच्या एका मुलाने नाबाद ३१२ धावा केल्या म्हणून. निवेदकाने आकडा दोनदा उच्चारला, टाळ्याही दोनदा पडल्या. एवढ्या धावा करून संघ बाहेर कसा गेला, हे व्यासपीठावर कुणी विचारलं नाही आणि खाली बसलेल्या पालकांतही कुणाला ते विचारावंसं वाटलं नाही.

त्या सामन्याचा स्कोअर मी लिहिला. समारंभानंतर मी आयोजकांशी बोललो, तेव्हा उत्तर मिळालं, “काका, डाव कधी सोडायचा हा कोचचा प्रश्न. आम्ही त्यात काय बोलणार?” उत्तर नम्र होतं, पण ते मला पटलेलं नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. शाळेचं, सरांचं, मुलाचं नाव घेणार नाही. त्या मुलाविषयी तर माझी काहीच तक्रार नाही. पोरगं सुरेख खेळलं. डाव्या पायावर पुढे येऊन मारलेले त्याचे कव्हर ड्राइव्ह मी पेन्सिल खाली ठेवून बघितले. स्कोअररने असं करू नये, पण केलं.

आधी जे झालं ते सांगतो.

दोन दिवसांचा सामना. पहिल्या दिवशी खेळ संपला तेव्हा फलकावर ३ बाद ४१८, आणि हा मुलगा २३१ वर. समोरच्या शाळेची गोलंदाजी कच्ची होती, एक-दोन पोरांना पूर्ण बावीस यार्डांत टप्पाही धड टाकता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी रोलर फिरत असताना मला वाटलं होतं की आता डिक्लेअर होईल, म्हणजे आहेत तेवढ्या धावांवर डाव सोडून समोरच्यांना फलंदाजी देतील. झालं नाही. पहिल्या अर्ध्या तासात बारावा खेळाडू ग्लोव्हज घेऊन आत गेला, निरोप देऊन आला. ड्रिंक्सच्या वेळी पुन्हा गेला. पलीकडच्या टोकाचा फलंदाज सरळसरळ एकेरी धाव नाकारायला लागला. जिथं सहज दोन होत होत्या तिथं एक, आणि जिथं एक होती तिथं काहीच नाही. कारण स्ट्राइक ‘त्याच्या’कडे राहायला हवा. दोन-दोन, तीन-तीन षटकं अशी गेली. तीनशे झाले, आता तरी थांबतील म्हटलं, तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत खेळ चालूच. ४ बाद ५६१ वर डाव सोडला.

या संघाचा कर्णधार सकाळभर माझ्या टेबलाशेजारी बसून होता. तेरा-साडेतेरा वर्षांचा असेल. दर पाच मिनिटांनी विचारायचा, “काका, त्याचे किती झाले?” संघाच्या धावा त्याने एकदाही विचारल्या नाहीत. शेवटी मीच त्याला म्हटलं, “अरे, तू कॅप्टन आहेस ना, डाव कधी सोडणार?” तो तंबूकडे बघून म्हणाला, “सर सांगतील.”

दुपारी गोलंदाजी चांगली झाली. एका डावखुऱ्या फिरकीपटूने चार बळी घेतले. समोरचा संघ ९ बाद १३७ वर असताना वेळ संपली. शेवटची जोडी अर्धा तास नुसती बॅट आडवी करून उभी होती. समोरचा संघ पुरता बाद झाला नाही, म्हणजे पहिल्या डावाचा निकाल लागला नाही; स्पर्धेच्या नियमाप्रमाणे अशा वेळी नाणेफेक. नाणं उडालं, ५६१ धावांचा संघ हरला. चार बळींवर अडकलेलं ते पोरगं बूट सोडत बसलं होतं. त्याचा पाचवा बळी कुठं गेला, हे मला वहीत बोट ठेवून दाखवता येईल: सकाळच्या त्या नाकारलेल्या एकेरी धावांत गेला.

आता तुम्ही म्हणाल, काका जुन्या वळणाचे आहेत, त्यांना आकड्यांचं वावडं आहे. तसं असतं तर हयात स्कोअरबुकात घालवली नसती. वैयक्तिक टप्प्याचा मान ठेवू नये, असं मी कधीच म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की तो मान कुणाच्या खर्चाने ठेवायचा.

आपल्या क्रिकेटमध्येच याची उत्तरं पडलेली आहेत. मुलतान घ्या. २९ मार्च २००४, कसोटीचा दुसरा दिवस. सेहवागचं त्रिशतक होऊन गेलेलं, सचिन १९४ वर, आणि गांगुली जखमी म्हणून नेतृत्व करणाऱ्या द्रविडने ५ बाद ६७५ वर डाव घोषित केला. त्या संध्याकाळी महाराष्ट्रात किती घरांत भांडणं झाली असतील याची गणती नाही. आजही कुठल्याही कट्ट्यावर विषय काढा, दोन तट पडतात. माझं मत सांगून टाकतो: निर्णय बरोबर होता. भारताने पाकिस्तानच्या भूमीवर पहिल्यांदाच कसोटी जिंकली, तीही एक डाव आणि ५२ धावांनी. पाचवा दिवस फार चाललाच नाही, म्हणून ‘सहा धावा दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं’ असं विचारणारेही अगदीच चूक नाहीत. पण संपलेला सामना बघून असं बोलणं सोपं असतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कुणाला ठाऊक होतं? माझ्या मते चुकलं ते दुसरंच. नेमकं किती वाजता थांबायचं, हे फलंदाजाला स्पष्ट ठाऊक हवं होतं. ते असतं तर त्या सहा धावा त्याने आधीच काढल्या असत्या, नाहीतर निदान मन खट्टू झालं नसतं.

त्यानंतर दोन आठवड्यांत, १२ एप्रिलला, अँटिग्वात लाराने नाबाद ४०० केल्या. वेस्ट इंडीजने ५ बाद ७५१ वर डाव सोडला. इंग्लंडला फॉलोऑन मिळाला, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजीला यावं लागलं, पण दुसऱ्या डावात त्यांनी ५ बाद ४२२ करून सामना वाचवला. कसोटीतल्या सर्वोच्च धावसंख्येचा विक्रम आजही लाराच्या नावावर आहे. पण आधीचे तिन्ही सामने हरलेल्या संघाला एक विजय मिळू शकला असता, तो मिळाला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही शेजारी शेजारी लिहाव्या लागतात.

उलट बाजूही सांगतो. ७ फेब्रुवारी १९९९ ला दिल्लीत कोटलावर कुंबळेचे नऊ बळी झाले होते, तेव्हा दुसऱ्या टोकाने श्रीनाथ ऑफ स्टंपच्या चांगले बाहेर चेंडू टाकत होता, दहावा बळी आपल्याला मिळू नये, तोही कुंबळेलाच मिळावा म्हणून. पाकिस्तान ४२० चा पाठलाग करत होता, विजय कोसों दूर होता. सामन्याला काडीचाही धोका नव्हता. असा मान ठेवायला माझी ना नाही. उलट तो ठेवला नसता तर मला राग आला असता. पुण्याच्या गहुंजेत ऑक्टोबर २०२३ च्या विश्वचषक सामन्यात बांगलादेशविरुद्ध कोहलीच्या शतकासाठी राहुलने एकेरी धावा नाकारल्या, तेही असंच. चेंडू भरपूर होते, विकेट भरपूर होत्या. पण सर, त्या रात्री टीव्हीवर जे पाहिलं ते आपली बारा वर्षांची पोरं दुसऱ्या दिवशी मैदानावर करायला लागली. राहुलने मनात केलेला हिशेब टीव्हीवर दिसत नाही. तो हिशेब शिकवणं हे तुमचं काम.

आणि सचिनचे गुरू आचरेकर सर यांचं नाव घेतल्याशिवाय आपल्याकडे हा विषय पुरा होत नाही. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, मुंबईतल्या हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेची उपांत्य फेरी. शारदाश्रम शाळेच्या सचिन आणि कांबळीची ६६४ धावांची भागीदारी. ती सगळ्यांना पाठ आहे. तिचा शेवट कसा झाला ते फारसं कुणी सांगत नाही. बाहेरून डाव सोडायला सांगणाऱ्या सहायक प्रशिक्षकाकडे दोघं बघेचनात. शेवटी जेवणाच्या सुट्टीत सरांशी फोन झाला. कांबळी तेव्हा ३४९ वर होता. एक धाव हवी होती. सरांनी ‘डिक्लेअर’ म्हटलं आणि डाव २ बाद ७४८ वर थांबला. त्याच कांबळीने मग गोलंदाजीत सहा बळी काढले. आज आपण अकादमीच्या भिंतीवर आचरेकर सरांची तसबीर लावतो, हार घालतो. ती एक धाव त्यांनी का दिली नसेल, याचा विचारही अधूनमधून व्हावा.

बरं, आता तक्रारी.

पहिली, आणि ती नियमाचीच आहे. ‘डाव कधी सोडायचा हा कोचचा प्रश्न’ हे आयोजकांचं उत्तरच चुकीचं आहे. क्रिकेटच्या नियमांतला १५ वा नियम डाव घोषित करण्याचा हक्क फलंदाजी करणाऱ्या संघाच्या कर्णधाराला देतो. तिथं प्रशिक्षकाचा उल्लेखही नाही. लहान मुलांना मार्गदर्शन लागतं, मान्य. पण कर्णधाराने तंबूकडे बघून ‘सर सांगतील’ म्हणणं आणि सरांनी त्याच्याशी बोलून वेळ ठरवणं, यात अंतर आहे. आपण पोरांना नाणेफेकीपुरते कर्णधार करतो.

दुसरी. टप्पे फक्त फलंदाजांचे जपले जातात, आणि त्यातही एक-दोन ठरावीक फलंदाजांचेच. चार बळी झालेल्या पोराला ‘अजून एक ओव्हर टाक, पाच होतील’ असं म्हणताना मी फार थोडे प्रशिक्षक पाहिले. सातव्या-आठव्या नंबरच्या मुलांना तर टप्पाच नसतो. ती पोरं पॅड बांधून बसतात आणि पॅड सोडून घरी जातात. तीन सामने खेळून ज्याच्या नावापुढे एकही चेंडू नाही, अशी नावं दर हंगामात माझ्या वहीत असतात. त्यांचे आईवडीलही सकाळी सहाला डबा करून देतात.

तिसरी तक्रार समोरच्या संघाच्या वतीने, कारण त्यांच्या बाजूने कुणी बोलत नाही. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला शालेय सामन्यात प्रणव धनावडेने नाबाद १००९ केल्या. जगभर नाव झालं, आणि चेंडू त्यानेच मारले, त्याला कुणी बोल लावू नये. त्याच्या संघाने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. समोरची मुलं ३१ आणि ५२ मध्ये बाद झाली. या दोन आकड्यांतली मुलं आता मोठी झाली असतील. १४६५ धावा होईपर्यंत उन्हात चेंडू आणायला धावताना ती क्रिकेटविषयी काय शिकली असतील, हे विचारायला कुठलाही वार्ताहर त्यांच्याकडे गेल्याचं मला आठवत नाही.

इथं कुणीतरी निंबाळकरांचं नाव काढणार, हे मला ठाऊक आहे. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद, प्रथम श्रेणी क्रिकेटमधला ब्रॅडमनचा तेव्हाचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर, आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी पुढे खेळायलाच नकार दिला. संघ घेऊन ते निघून गेले. ही सल आपल्या पिढ्यान्‌पिढ्या गेलेली नाही, माझीही नाही. निंबाळकरांना पुढे एकही कसोटी मिळाली नाही, त्यामुळे ती जास्तच टोचते. पण तो सामना नीट पाहा. काठियावाड २३८ मध्ये बाद झालं होतं, महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. पहिल्या डावाची आघाडी कधीच मिळालेली, सामना हातात. निंबाळकर आणखी अर्धा तास खेळले असते तर महाराष्ट्राचं काहीच जाणार नव्हतं. समोर मोठी माणसं होती, तेरा वर्षांची पोरं नव्हती. मी तिथं प्रशिक्षक असतो तर त्यांना खेळू दिलं असतं. तेव्हा निंबाळकरांवर झालेल्या अन्यायाचा दाखला देऊन ३१२ चं समर्थन करू नका, दोन्ही गोष्टी एका तागडीत बसत नाहीत.

चौथी तक्रार बॅनरची. सामन्यानंतर आठवडाभरात एसटी स्टँडसमोरच्या चौकात खासगी अकादमीचा फ्लेक्स लागला. मुलाचा फोटो, त्याहून मोठा संचालकांचा फोटो, ‘३१२ नाबाद’, आणि खाली उन्हाळी शिबिराचे दर. माझ्याच हस्ताक्षरातल्या स्कोअरशीटचा फोटो कोपऱ्यात छापलाय. त्यात निकालाची ओळ तेवढी कापली आहे. शाळेचे प्रशिक्षक आणि अकादमीचे प्रशिक्षक एकच असले की दुसऱ्या दिवशी सकाळी डाव का सोडला जात नाही, हे वेगळं सांगायला नको. सगळेच तसे नाहीत. पदरचे पैसे घालून पोरांना बूट घेऊन देणारे सरही मला माहीत आहेत, त्यांनी हे मनाला लावून घेऊ नये.

पण सगळं खापर प्रशिक्षकांवर फोडून मी मोकळा होणार नाही. कारण एका सरांनी मला तोंडावर सांगितलं, “काका, तुमचं सगळं बरोबर. पण निवड चाचणीच्या, ट्रायलच्या फॉर्मवर काय विचारतात ते बघा.” बघितलं. सर्वोच्च धावसंख्या. शतकं किती. द्विशतकं किती. डावात पाच बळी किती वेळा. संपलं. समोर कोणता संघ होता, किती चेंडू, संघाला गरज काय होती, सामना जिंकला की हरला, यासाठी रकानाच नाही. अडीचशे मुलं ट्रायलला आली की निवड समितीला प्रत्येकाची चार चेंडूंची बॅटिंग बघायला वेळ असतो, मग चाळणी लावायची ती फॉर्मवरच्या आकड्यांची. पालकांना हे कळतं, प्रशिक्षकांनाही कळतं. ज्या सरांनी आपला फलंदाज १४० वर असताना संघासाठी डाव सोडायला लावला, त्यांचा तो विद्यार्थी ट्रायलच्या रांगेत मागे राहतो आणि त्याचे वडील पुढच्या वर्षी त्याला दुसऱ्या शाळेत घालतात. असं घडलेलं मी पाहिलंय. तेव्हा निवड समितीच्या मंडळींनो, ३१२ ची मागणी तुम्ही लावलीत, पुरवठा प्रशिक्षकांनी केला.

आणि हे मुलांच्याही फायद्याचं नाही. जुलै २०२५ मध्ये झिंबाब्वेतल्या बुलावायोत दक्षिण आफ्रिकेचा वियान मुल्डर नाबाद ३६७ वर होता, कर्णधारही तोच. लाराचे ४०० हाकेच्या अंतरावर असताना जेवणाच्या सुट्टीत प्रशिक्षकांशी बोलून त्याने ५ बाद ६२६ वर डाव सोडला. मोठा विक्रम लाराकडेच राहावा, हे त्याने दिलेलं एक कारण मला जरा जास्तच भावुक वाटलं. विक्रम मोडण्यासाठीच असतात. पण बोर्डावर पुरेशा धावा आहेत, आता गोलंदाजी करायची, हा त्याचा दुसरा हिशेब अस्सल होता. सामना डावाने जिंकला. जडेजाने मोहालीत मार्च २०२२ मध्ये १७५ वर नाबाद असताना आपण होऊन डाव सोडायचा निरोप पाठवला होता, खेळपट्टी वळायला लागली आहे म्हणून. मग त्याने स्वतःच दोन्ही डावांत मिळून नऊ बळी घेतले. खेळपट्टी वाचून असा निरोप पाठवणारा खेळाडू तयार व्हायचा असेल, तर त्याला चौदाव्या वर्षी तसा विचार करू द्यावा लागेल.

माझ्या मागण्या साध्या आहेत, आणि त्यांना खर्च जवळजवळ शून्य.

आयोजकांनी पुढच्या हंगामापासून दोन दिवसांच्या सामन्यात पहिल्या डावाला षटकांची मर्यादा घालावी. किती, ते अनुभवी पंचांना बसवून ठरवा; मर्यादा हवी एवढंच माझं म्हणणं. ती असली की तीनशेचा मोह असो वा नसो, दुसऱ्या संघाला पुरेशी फलंदाजी मिळेलच.

डाव सोडण्याचा निर्णय मैदानावर कर्णधाराने पंचांना सांगावा. दुसऱ्या दिवशी खेळ सुरू होण्याआधी प्रशिक्षकांनी कर्णधाराला आणि नाबाद फलंदाजांना सोबत बसवून वेळ ठरवावी, आणि सगळ्या संघाला सांगावी. परिस्थिती बदलली तर वेळ बदला, पण कुणाच्या नव्वदीसाठी किंवा दोनशे ऐंशीसाठी नको.

निवड समितीने ट्रायलचा फॉर्म बदलावा. प्रतिस्पर्धी, चेंडू, सामन्याचा निकाल आणि त्या वेळची संघाची स्थिती, एवढे चार रकाने पुरे. माहिती भरून द्यायला आम्ही स्कोअरर आहोत, एक पैसा जास्त मागणार नाही.

‘उत्कृष्ट प्रशिक्षक’ हा पुरस्कार द्यायचाच असेल तर संघातल्या किती मुलांना हंगामात प्रत्यक्ष फलंदाजी-गोलंदाजी मिळाली, हे आधी वहीतून मोजा. वही माझ्याकडे आहे, कधीही बोलवा.

नियमावली दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी छापली जाते, म्हणजे बैठक त्याच्या आत व्हायला हवी. बैठकीला मी येईन, मला बोलायची परवानगी द्यावी ही विनंती. तोवर माझ्या हातात जे आहे ते मी करतोय: यापुढे कुणाच्याही वैयक्तिक धावसंख्येच्या दाखल्यावर, त्याच कागदावर सामन्याचा निकाल लिहिलेला नसेल, तर मी सही करणार नाही.

आपला नम्र,
एक स्कोअरर